बाटलीत ठासलेला इतिहास

ईस्टरचा सण आटोपला आणि एप्रिलचे ऊन अंगणात तापू लागले की वसई-साष्टीच्या ख्रिस्ती गावठाणांतून एक ओळखीचा ठसका ऐकू येत असे. एका घरातून तो उठे, शेजारच्या घरातून त्याला उत्तर मिळे आणि वाटेने जाणारा परकाही नाकावर रुमाल धरून समजून जाई, की येथे मसाल्याचे दिवस सुरू झाले आहेत. चटयांवर मिरच्या पसरलेल्या, सुपांत धणे-जिरे निवडून ठेवलेले, पडवीत उखळाभोवती बायका बसलेल्या आणि भिंतीच्या कडेला घासून, पुसून, उन्हात उलट्या ठेवलेल्या तपकिरी बाटल्यांची रांग, असे ते दृश्य असे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी येण्यापूर्वी त्या बाटल्या भरून, बुचे लावून फडताळात गेल्या, की घरातील वडीलधारी स्त्री सुस्कारा सोडी. वर्षाची बेगमी झाली!

या मसाल्याला आम्ही ‘बाटली मसाला’ म्हणतो. ईस्ट इंडियन समाजाची ओळख म्हणून आज तो मिरवला जातो. त्याच्या जन्माविषयी आपल्या घराघरांत दोन समजुती आहेत. एक म्हणते, हा मसाला पोर्तुगिजांनी आपल्याला दिला. दुसरी म्हणते, तो आपल्या वाडवडिलांचा, अगदी पुरातन काळापासूनचा. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. कागदपत्रे अपुरी असली तरी एक अस्सल दस्तऐवज आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. तो म्हणजे स्वतः मसाला. त्यात पडणारा एकेक जिन्नस हातात घेऊन ‘तू कुठून आलास आणि केव्हा आलास?’ असे विचारीत गेले तर पुष्कळ उलगडा होतो.

आरंभ आपल्या भूमीपासूनच करू. वसईच्या लगतचे सोपारे हे प्राचीन काळी नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. अशा बंदराच्या काठी राहणाऱ्या लोकांना परदेशी सुगंधी द्रव्यांचे अप्रूप नव्हते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना हौतात्म्य आले, त्या वेळी त्यांचे अवशेष सोपाऱ्यास नेऊन पुरणारा डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस याने पुढे हिंदुस्थानातील नवलांचे वर्णन लिहिले. मिरी ही झाडावर चढणाऱ्या वेलीला द्राक्षांसारख्या घोसांनी लागते, हे त्याने आपल्या युरोपीय वाचकांना समजावून सांगितले आहे. पोर्तुगीज गलबते येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट!

त्या काळचा स्वयंपाक तिखट नव्हता काय? होता; पण त्याचे तिखटपण मिरीचे, पिंपळीचे आणि आल्याचे होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात पाककृतींचे मोठे प्रकरण आहे. त्यात हिंग, जिरे, मोहरी, हळद, आले, मिरी सारे काही आहे; मिरची नाही. लवंग, जायफळ, जायपत्री ही द्रव्येही आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. लवंग मोलुक्का बेटांतली, जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांतली, कबाबचिनी जावाची. दालचिनीच्या तर नावातच ‘चिनी’ आहे. फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्या सालीला चीनचे लाकूड मानले. गुजराती, अरब आणि मलायी व्यापाऱ्यांच्या हातांतून ही द्रव्ये आपल्या किनाऱ्याला उतरत होती.

म्हणजे मसाल्यातील वीस-पंचवीस जिनसांपैकी बहुतेक सारे पोर्तुगिजांच्या आधीचे ठरतात. मग पोर्तुगिजांनी दिले काय? एकच गोष्ट, पण ती अशी, की तिच्यावाचून मसाल्याला आज रंगही नाही आणि रूपही नाही.

वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ आला. १५११ साली पोर्तुगिजांनी मलाक्का जिंकले आणि पुढच्याच वर्षी त्यांची जहाजे बांदा बेटांना लागली. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांस दिला. या काळात गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्टा याने १५६३ साली तेथेच आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. हिंदुस्थानातील औषधी आणि मसाल्याच्या द्रव्यांवर दोन विद्वानांनी केलेल्या संवादाच्या रूपात तो लिहिलेला आहे. मुंबई बेट या ओर्टाकडे खंडाने होते, त्यामुळे आपल्या भागाचीही त्याला माहिती होती. मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, आले, जायफळ यांवर त्याने प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली. मिरचीवर मात्र एकही प्रकरण नाही. इतका चौकस वैद्य मिरचीला बाजूला ठेवतो, यावरून तिने तोवर बाजारात फारसे नाव काढले नसावे, असे मानण्यास जागा आहे.

मिरची ही मूळ अमेरिका खंडाची. १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीनंतर ती जगाला कळली आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास आली. तिच्या परकेपणाची खूण भाषेने जपून ठेवली आहे. तिला स्वतःचे नाव मिळाले नाही. मिऱ्यासारखी तिखट म्हणून ती ‘मिरची’ झाली. मुंबई भागात तिला पूर्वी ‘गोवाई मिरची’ असेही म्हणत. म्हणजे ती कोणत्या वाटेने आली हेही त्या नावातच आले. काजू, अननस, बटाटा हेही याच काळातले पाहुणे. पण मिरचीइतके आपल्या चुलीजवळ कोणी येऊन बसले नाही. कारण उघड आहे. मिरीचा वेल दमट मलबाराचा, त्याचे पीक व्यापाऱ्यांच्या आणि राजांच्या हिशेबातले. मिरची मात्र परसातल्या चार हात जागेत येते, एका हंगामात फळते आणि तिचे बी शेजारणीला मूठभर देता येते. गरिबाच्या कालवणाला तिखटपण देणारे हे पीक श्रीमंतांच्या आधी गरिबांनीच आपलेसे केले असेल, असे आम्हांस वाटते.

येथे एका कटू गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. आपण मसाल्यात घालतो त्या जायफळाचा इतिहास निर्मळ नाही. १६२१ साली डच कंपनीचा गव्हर्नर जनरल कून याने जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, देशोधडीस लागले किंवा गुलाम झाले. इवल्याशा त्या फळासाठी एक जमात जवळजवळ नाहीशी झाली. मसाल्याचा सुगंध घेताना ही आठवणही असावी.

मिरचीचे श्रेय पोर्तुगिजांना दिले म्हणजे पहिली समजूत खरी ठरली काय? नाही. कारण बाटली मसाल्यात आणखी दोन जिनस पडतात, ज्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. त्यांनी कालवणाला दाटपणा येतो. आता मुंबईच्या पाठारे प्रभूंचा ‘परभी सांबार’ पाहावा. त्यातही गहू आहेत, हरभऱ्याची डाळ आहे. आपले बहुसंख्य पूर्वज ज्या जातीजमातींतून ख्रिस्ती धर्मात आले, त्या याच किनाऱ्यावरच्या. त्यांच्या मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या उखळात जे पडत होते, तेच आपल्याही उखळात पडत राहिले. प्रार्थना बदलली, नावे बदलली, पेहरावातही फरक पडला. पण कोणता जिन्नस किती भाजायचा हे सासूने सुनेला सांगण्याची रीत तुटली नाही.

राज्यकर्त्यांची नजर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नव्हती असे नाही. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने तेथील ख्रिस्ती रहिवाशांसाठी जो मनाईहुकूम काढला, त्यात हिंदूंच्या पद्धतीने मीठ न घालता भात शिजवू नये असेही एक कलम होते. भातातील मिठावर हुकूम चालावा, इतकी त्या काळची सत्ता बारकाईने पाहणारी होती! ज्या ओर्टाने आपल्या मसाल्यांवर ग्रंथ लिहिला, त्याचीही हाडे १५८० मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या ठपक्यावरून थडग्यातून काढून जाळण्यात आली. हा आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि तो झाकण्याने काही साधत नाही. या साऱ्यातून गहू-डाळीची ती जुनी रीत मात्र टिकली, याला आपली बाटलीच साक्ष आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगिजांची सत्ता येथून उठली. त्यांच्यामागे राहिल्या त्या काही पाककृती आणि काही शब्द. लसूण आणि आंबट द्राक्षमद्य यांत मांस मुरवण्याची त्यांची रीत गोव्यात ‘विंदालू’ झाली, आपल्याकडे ‘इंद्याल’. द्राक्षमद्याची जागा शिरक्याने घेतली आणि त्यात आपला मसाला मिसळला. खुड्डी आणि लोणवास यांच्या शेजारी इंद्यालाचे भांडे मांडले जाते, तेव्हा दोन किनारे एका पंगतीस बसलेले असतात.

आता राहिली बाटली. मसाल्याचे नाव तिच्यावरून पडले, तेव्हा नाव तरी तिच्याइतकेच जुने असणार. कारखान्यात तयार झालेल्या, एकसारख्या आकाराच्या तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्या सामान्य घरांत येऊ लागल्या त्या इंग्रजी अमलात, मुंबई शहर वाढले तेव्हा. त्यापूर्वी मसाला मडक्यात किंवा चिनी मातीच्या बरणीत राहत असणार. रिकामी बिअरची बाटली हा साहेबाच्या टेबलावरचा टाकाऊ माल. पण आपल्या आजी-पणज्यांनी तिचा गुण अचूक हेरला. उजेडाने मिरचीचा रंग उडतो आणि हवेने सुगंध जातो. तपकिरी काच उजेडाचा दाहक भाग अडवते आणि अरुंद गळ्यातून हवा थोडीच शिरते. त्यात मसाला चमच्याने भरून, लाकडी काठीने ठासून ठासून हवेला जागाच ठेवायची नाही, ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेवाचून त्यांना साधली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आल्यावर आपल्या फडताळातील बिअरच्या बाटल्यांची रांग पाहून एखादा अनोळखी पाहुणा दचकला असेल, तर नवल नाही.

योगायोग असा, की ‘ईस्ट इंडियन’ हे आपल्या समाजाचे नावही याच इंग्रजी अमलातले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि गोवा-मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे आहोत, हे दाखवण्यासाठी ते नाव स्वीकारले गेले. समाजाचे नाव आणि मसाल्याचे नाव दोन्ही इंग्रजी काळातली. आतला ऐवज मात्र त्याहून पुष्कळ जुना. आमच्या मते दोन्ही समजुतींना हेच उत्तर आहे. मसाला पोर्तुगिजांनी दिला नाही आणि तो जसाच्या तसा पुरातनही नाही. या किनाऱ्यावरच्या बायकांनी जे आले ते निवडून घेतले, जे आपले होते ते राखले आणि दोहोंचा मेळ घातला.

या बायकांत आणखी काही जणी होत्या, ज्यांची नावे कोणत्याही घराच्या वंशावळीत नाहीत. मसाला कुटण्यासाठी घरोघर येणाऱ्या कष्टकरी स्त्रिया! धणे वेगळे, जिरे वेगळे, तीळ-खसखस मंद आचेवर वेगळी, असा प्रत्येक जिन्नस स्वतंत्र भाजायचा, कारण प्रत्येकाला आच निराळी लागते. हळकुंडे तेलात तळून फुलवायची. दगडफूल, नागकेशर, तिरफळ शेवटी नुसते गरम करायचे. हे काम घरातल्या बायका करीत. परंतु मुसळ उचलून दिवसभर तालात कुटायचे ते या बाहेरून आलेल्या बायकांनी. डोक्याला फडके, नाकातोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी आणि संध्याकाळी हातांची होणारी आग. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून हातांना खोबरेल चोळून त्या घरी जात. मजुरी, जेवण आणि पुडीभर मसाला एवढीच त्यांची कमाई. बाटली मसाल्याचा अभिमान सांगताना त्यांचे ऋण मानणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पुढे विजेवर चालणारे डंक आले. लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या घ्याव्यात, तेथेच भाजून, कुटून घ्याव्यात आणि संध्याकाळच्या गाडीने डबे घेऊन घरी यावे, अशी सोय झाली. गावठाणांभोवती इमारती उठल्या, अंगणे गेली, मिरची भाजली की वरच्या मजल्यावरून तक्रार येऊ लागली. मुली नोकरीला लागल्या, काही परदेशी गेल्या. तयार पुड्यांचा सुकाळ झाला. ही कोणाची चूक नव्हे. उखळाशी दिवसभर बसण्याचे कष्ट आपल्या मुलींनी करावेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण विकतच्या पुडीत काय आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, हेही खरे. २००३ साली युरोपात हिंदुस्थानातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा कपड्या-मेणाला वापरायचा रंग सापडला आणि २००५ मध्ये तशाच भेसळीमुळे ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. घरी निवडलेल्या मिरचीत असला धोका राहत नाही.

तथापि आम्हांस खरी काळजी वेगळीच आहे आणि ती आमच्याच घरात आम्हांस कळली. आमच्या आजीच्या हातची एक चिठ्ठी आईच्या प्रार्थनापुस्तकात जपलेली होती. ‘मिरची ३ शेर, धणे २५ तोळे, हळद १५ तोळे’ अशी तिची सुरुवात. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आपणच हा मसाला करून पाहावा, असे आम्ही घरातल्यांनी ठरवले. शाळेत शिकलो होतो, की शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने पावणेतीन किलोंवर मिरची आणली. बाकीचे जिनस तोळ्यांचे ग्रॅम करून घेतले. मसाला झाला तो असा, की चमचाभराने साऱ्या घराच्या डोळ्यांना पाणी आले. आजीचा मसाला तिखट होता, पण जीभ भाजणारा नव्हता. तिची चिठ्ठीच चुकली असावी असे म्हणून आम्ही ती पुन्हा पुस्तकात ठेवली.

उलगडा पुढे झाला, तो जुन्या वजनांचे एक कोष्टक वाचताना. मुंबईच्या बाजारातील जुना मण २८ पौंडांचा आणि त्याचे शेर ४०. म्हणजे मुंबईचा शेर सुमारे ३१७ ग्रॅमचाच, पक्क्या शेराच्या जेमतेम एक तृतीयांश! आजीचे तीन शेर म्हणजे साडेनऊशे ग्रॅम मिरची. आम्ही तिप्पट घातली होती. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येऊ लागली आणि शेर-तोळे व्यवहारातून गेले. चिठ्ठी मात्र आपल्या जुन्याच भाषेत बोलत राहिली. चूक आजीची नव्हती, वाचणाऱ्यांची होती. ती हयात असताना एकदा विचारले असते तर दोन शब्दांत उत्तर मिळाले असते.

असे प्रत्येक घरात होत आहे. आपल्याकडे मसाल्याचे प्रमाण गुप्त ठेवण्याची रीत आहे. प्रत्येक घराचा हात निराळा, कोणी काश्मिरी मिरची अधिक घालील, कोणी रेशमपट्टी, कोणी मायपत्री घालील, कोणी तिला वगळील. हे वेगळेपण मोलाचे आहे. परंतु गुपित राखता राखता ते राखणारीच निघून जाते आणि मागे राहते ती अर्धवट चिठ्ठी. राजांचे तह कागदावर टिकतात. १५३४ चा तह आज आपण तारखेसह सांगू शकतो. ज्या स्त्रियांनी साऱ्या जगातून आलेली द्रव्ये एका बाटलीत नांदवली, त्यांचे ज्ञान मात्र एका पिढीच्या दुर्लक्षाने बुडते.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात मसाला घरी करा अथवा डंकावर कुटून आणा. पण आधी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीजवळ वही घेऊन बसा. प्रत्येक जिनसाचे नाव ती जसे उच्चारते तसेच लिहा. वजन ग्रॅममध्ये लिहा आणि तिने सांगितलेले जुने मापही शेजारी राहू द्या. कोणती मिरची, कोठून घेतलेली. कोणता जिन्नस किती भाजायचा आणि भाजला हे कशावरून ओळखायचे, रंगावरून की वासावरून, तेही विचारा. कुटायला कोण येत असे, हे विचारायला विसरू नका. खाली तिचे नाव आणि तारीख घाला.

आमच्या घरी आता ती चिठ्ठी नव्या वहीत उतरवली आहे. पहिल्या ओळीत ‘मिरची ३ शेर’ असेच आहे. पुढे कंसात ‘मुंबईचे’ एवढा एक शब्द आम्ही वाढवला आहे.